मुंबईला जाताना आणि येताना इलेक्ट्रिक गाडीची रेंज सारखी नसते

तुमचा प्रश्न असा, की ४०.५ युनिट (kWh) बॅटरीची इलेक्ट्रिक नेक्सॉन घेतली, कंपनीने एका चार्जवर ४३७ किमी सांगितले होते, तर नाशिकहून मुंबईला जाऊन एकाच चार्जवर परत येता येईल का?

नाही येणार. माझीही तीच गाडी आहे, हायवेला एसी लावून २७०-२८० मिळतात. पण खरी मेख घाटात आहे. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच. ठाण्यापर्यंत जाताना माझी ४५ टक्के बॅटरी जाते, येताना तेवढ्याच रस्त्याला ६०. चार माणसं आणि बॅगा घेऊन एवढं वर चढायचं तर अडीच-तीन युनिट नुसत्या चढाला जातात. उतरताना रिजनने, म्हणजे वेग आवरताना मोटर उलट वीज बनवून बॅटरीत भरते त्याने, त्यातलं काही परत मिळतं, सगळं नाही. आणि इगतपुरीला मुक्काम करून सकाळी १०० टक्के भरून निघालात तर कसारा घाटात तेही नाही, भरलेल्या बॅटरीत रिजन घालणार कुठे? तिथून निघताना ८५-९० पुरे.

दुसरं, पेट्रोलची सवय सोडा. काटा खाली गेला की पंप, मग टाकी फुल, हे इथे चालत नाही. फास्ट चार्जर ८० टक्क्यांनंतर रांगायला लागतो, त्यामुळे वाटेत ८० ला चार्जरची गन काढायची आणि निघायचं. नाहीतरी चहा-नाश्त्याला थांबतोच, तेव्हाच लावायची. १०० टक्के घरी, रात्री.

गेल्या दिवाळीत पुण्याला जाताना अ‍ॅपवर चार्जर चालू असल्याचा हिरवा ठिपका बघून १२ टक्क्यांवर नारायणगावला पोचलो. चार्जरचा स्क्रीन काळा. वॉचमन म्हणाला, "सकाळपासून बंदच आहे साहेब." मग एसी बंद, काचा खाली, पन्नासच्या वेगाने मंचर. ६ टक्के उरले होते. बायको शेजारी बसून एक शब्द बोलली नाही, ते जास्त जड गेलं. तेव्हापासून वाटेतल्या चार्जरवर पोचताना २५ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही, आणि ठरवलेल्या चार्जरच्या पुढचा एक कायम हेरून ठेवतो. दोन-तीन चार्जिंग कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये पैसेही आधीच टाकून ठेवा, ऐनवेळी घाटात नेटवर्क नसतं.

समृद्धीने जाणार असाल तर १२० ची मुभा आहे म्हणून १२० ने पळवू नका. ९०-९५ वर ठेवलीत तर फरक लगेच दिसेल.

आणि मुंबईहून परतताना शहापूरच्या आसपास जेवण उरका, गाडीलाही लावा. कसाऱ्याच्या पायथ्याशी ४० टक्के असले की घरापर्यंत काळजी नाही.