‘बटाटा’ मुळात रताळं होता

एका वाचकाने विचारलंय: हिंदीत ‘आलू’, मग मराठीत ‘बटाटा’ का? हा शब्द पोर्तुगीज ना? आणि ‘पेरू’ हे नाव पेरू देशावरून पडलं का?

‘बटाटा’ पोर्तुगीजांनी आणला हे खरं, पण शब्द त्यांचा नव्हे. ‘बताता’ हा कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा शब्द, आणि त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ रताळं! १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर पोचला आणि स्पॅनिश लोकांची या कंदाशी ओळख झाली. आपला बटाटा तिथला नाहीच. तो अँडीज पर्वतातला, क्वेचुआ भाषेतलं त्याचं नाव ‘पापा’. १५३०च्या दशकात स्पॅनिश फौजा तिकडे शिरल्या तेव्हा तो त्यांच्या हाती लागला. दोन्ही जमिनीखालचे, दोन्ही नवखे. युरोपात नावांची सरमिसळ झाली. पोर्तुगीजांनी दोघांनाही ‘बताता’च ठेवलं, रताळ्याला ते आजही ‘गोड बताता’ म्हणतात. तोच शब्द त्यांच्या तोंडून आपल्याकडे आला.

इथे पुढचा गुंता तर फारच सुंदर आहे. संस्कृतात ‘रक्तालु’ म्हणजे तांबडा कंद, त्याचंच आपलं ‘रताळं’. अमेरिकेतून गोड कंद आला तेव्हा हे जुनं नाव त्याला मिळालं. आणि ‘रक्तालु’च्या शेपटातला ‘आलु’ हिंदीने बटाट्याला दिला. म्हणजे मराठीत बटाटा रताळ्याचं ताईनो नाव वापरतो, आणि रताळं एका जुन्या देशी कंदाचं.

एकादशीच्या खिचडीकडे एकदा या नजरेने बघा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो, शेंगदाणे, मिरची, बटाटा: सगळं अटलांटिकपलीकडचं. उरलं तूप, जिरं आणि मीठ. पण नावं बघा. मिरचीला आपण मिरीवरून नाव दिलं. स्पॅनिश लोकांनीही ‘पिमिएंता’ म्हणजे मिरी, तिच्यावरून मिरचीला ‘पिमिएंतो’ केलं. भुईमुगाला तर आपण घरचाच ‘मूग’ दिला. काजू आणि अननस मात्र ब्राझीलच्या तुपी भाषेतून, नावासकट आले.

म्हणून ‘बटाटा’ परका ठरवून त्याला संस्कृत प्रतिशब्द शोधायचा खटाटोप मला अजिबात पटत नाही. वेठबिगारी आणि १५१८ची देवीची साथ यांत ताईनो समाज होरपळला. पुढे त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. तिच्यातला हा शब्द आपण रोज भाजीवाल्याकडे उच्चारतो.

आता पेरू. फळ अमेरिकेतलंच, पण नाव देशावरून पडलेलं नसावं. पोर्तुगीजमध्ये ‘पेरा’ म्हणजे नासपती, कोकणीत पेरूला ‘पेर’ म्हणतात. मला हीच वाट पटते. हिंदीतला ‘अमरूद’ही बघा: फारसीत त्याचाही अर्थ नासपतीच.