एअर फ्रायरमध्ये समोसा पट्टीचे चिप्स मऊच राहतात. कुरकुरीत कसे करायचे? आणि सोबत क्रीमी चिकन डिप?

बहुतेक वेळा कारण एकच असतं, जाळीत गर्दी. एअर फ्रायरमध्ये पंखा गरम हवा फिरवतो. पट्ट्या एकमेकींवर चढल्या की मधली वाफ तिथेच अडकते. एकाच थरात लावा, जास्त घाणे काढावे लागले तरी चालेल.

असे चिप्स वॉन्टनच्या (मोमोसारख्या चिनी पदार्थाच्या) पाऱ्यांचेही करतात, पण सांगलीत मी त्या शोधत बसत नाही, फ्रोझन समोसा पट्टी छान चालते. ती ओलसर फडक्याखाली नरम होऊ द्या, त्रिकोण कापा आणि दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावा. तेल टाळू नका, कोरडी पट्टी पांढरट आणि चिवट होते. १८० अंशांवर ३ मिनिटं, मग उलटून आणखी २. पट्टी हलकी असल्याने वाऱ्याने उडते, म्हणून वर स्टीलची छोटी जाळी ठेवा. फिकट सोनेरी दिसताच काढा, खरा कुरकुरीतपणा गार होताना येतो.

डिपसाठी २०० ग्रॅम बोनलेस चिकन हळद-मीठ घालून शिजवा, कोमट असताना हाताने बारीक तंतू सोडवा. त्यात अर्धी वाटी आंबट नसलेला चक्का, दोन चमचे क्रीम, ठेचलेला लसूण, मिरपूड, कोथिंबीर. मी अर्धा चमचा घरचा कांदा-लसूण मसालाही घालते, त्याशिवाय मला ते डिप पाहुण्यासारखं वाटतं! मसाल्यात मीठ असतं, तेव्हा आधी चव बघा. गरम चिकनमध्ये चक्का घातलात तर तो फुटून पाणी सुटेल.