दमून घरी आल्यावर टीव्हीवर काय लावावं?

या महिन्याच्या पत्रांमध्ये एकच मागणी वेगवेगळ्या शब्दांत आली : रात्री जेवणं उरकल्यावर डोक्याला ताप न देणारं, हलकंफुलकं काहीतरी सुचवा. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं देताना आम्ही एकच कसोटी लावली. कार्यक्रमावर ‘विनोदी’ असा शिक्का आहे की नाही ते सोडा, भाग तुम्हाला कुठे आणून सोडतो ते बघा. आपला घोळ आपणच निस्तरून जो भाग संपतो, तो बघून झोप चांगली लागते.

मी मिरजेला रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारची पाळी संपवून दहाला घरी येते. जेवताना ‘हास्यजत्रा’ लावते, खूप हसते, पण बंद करायला एक वाजतो आणि सकाळी डोकं जड असतं. विनोदीच बघते, मग थकवा का जात नाही?

ताई, कार्यक्रम तुम्ही चांगलाच निवडलाय. सोनी मराठीवर २०१८ साली सुरू झालेल्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’तलं एक स्किट साधारण दहा ते पंधरा मिनिटांचं असतं आणि तेवढ्यात त्याची गोष्ट पुरी होते. नम्रता संभेरावची लॉली आली की तिची ओळख करून द्यावी लागत नाही. समीर चौघुले आणि प्रसाद खांडेकर समोरासमोर उभे राहिले की पहिल्याच मिनिटाला कळतं, आता कोणीतरी कोणाच्या तरी तावडीत सापडणार. दमलेल्या डोक्याला असंच हवं असतं, फारसं काही लक्षात ठेवावं न लागणारं.

गडबड होते ती पुढे. यूट्यूबवर एक स्किट संपतं न संपतं तोच दुसरं सुरू होतं, आणि तुकडा छोटा असल्यामुळे ‘अजून एकच’ म्हणायला काही वाटत नाही. पाच स्किटं म्हणजे तास उलटून गेला. शिवाय पोट धरून हसणं शरीराला जागं करतं, आणि हशा-टाळ्यांचा आवाजही सतत चढाच असतो.

यूट्यूब चालू असताना पडद्यावरच ‘ऑटोप्ले’चं बटण दिसतं, ते बंद करा. टीव्हीवरच्या ॲपमध्ये ते सेटिंग्जमध्ये असतं. फोनवर बंद केलं म्हणजे टीव्हीवरही झालं असं धरून चालू नका, दोन्हीकडे तपासा. नेटफ्लिक्स असेल तर ब्राउझरमधून खातं उघडा, आपलं प्रोफाइल निवडा आणि ‘प्लेबॅक सेटिंग्ज’मध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्यासमोरची खूण काढा. टीव्हीच्या मेन्यूतला ‘स्लीप टायमर’ जेवायला बसतानाच ४५ मिनिटांवर ठेवा. मागाहून लावू म्हटलं की तो राहूनच जातो. जेवताना एक स्किट बघा आणि ताट उचलल्यावर काहीतरी संथ लावा. संथ काय, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

आणखी एक. ‘चला हवा येऊ द्या’चे जुने भाग लावत असाल, तर सागर कारंडेंचा पोस्टमन पत्र वाचायला लागला की सावध व्हा. चांगलं लिहिलेलं ते पत्र हसता हसता डोळ्यांत पाणी आणतं. दिवसभर आजारी माणसांमध्ये वावरून आलेल्या बाईने ते सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावं.

घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. टीव्ही एकच. साडेआठची मालिका संपली की सासूबाई तासभर ‘आता त्या पोरीचं काय होणार’ म्हणून घोर लावून बसतात. सगळ्यांनी मिळून बघावं असं अर्ध्या तासाचं काही आहे का? (नाशिक)

आहे, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. २००१ साली अल्फा मराठीवर सुरू झालेली ही मालिका केदार शिंदेंनी दिग्दर्शित केली होती आणि ती दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर बेतलेली होती. तुमच्या घरासारखंच तीन पिढ्यांचं घर : आबा, मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शलाका आणि शिऱ्या. पेच घरातलाच असतो आणि बहुधा त्याच भागात सुटतो. शेवटी आबा रोजनिशी लिहितात, तिथे दिवसभराची कुरबुर एका समजूतदार आवाजात मिटते. आजोबा, आई-बाबा आणि मुलं, प्रत्येकाला पडद्यावर आपली बाजू मांडणारं कोणीतरी सापडतं, आणि कोणाचीही टर उडवलेली नसते. मालिका सुरू झाली तेव्हा प्रभावळकर साठीचेही नव्हते, पण उठताना गुडघ्यावर हात टेकणं, चष्म्यावरून बघणं हे सगळं त्यांनी असं काही केलंय की सासरेबुवा नक्की मान डोलावतील.

लावण्याआधी एक करा. ही मालिका जुन्या चौकोनी, म्हणजे ४:३ आकाराच्या पडद्यासाठी केलेली आहे. रुंद टीव्ही ते चित्र ताणतो, मग माणसं बुटकी आणि जाडी दिसतात आणि मुलं ‘जुनाट आहे’ म्हणून उठून जातात. ‘पिक्चर साइझ’मध्ये ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या. पहिल्या दोन भागांत मुलांना चाल संथ वाटेल. तिसऱ्यापर्यंत शिऱ्या त्यांचा झालेला असेल.

दुसरा पर्याय ‘मालगुडी डेज’. आर. के. नारायण यांच्या कथा, आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं, एल. वैद्यनाथन यांचं संगीत, आणि मुंबईत मराठी नाटकांत रमलेल्या शंकर नाग यांचं दिग्दर्शन. चित्रीकरण बरंचसं कर्नाटकातल्या आगुंबे गावातलं. मुलासाठी आधी स्वामीच्या गोष्टी लावा. बाकीच्या सगळ्याच कथा हसऱ्या नाहीत, काही चटका लावून जातात. त्या तुम्ही आधी बघून मग ठरवा.

आता सासूबाईंच्या मालिकेचं. ती त्यांच्यापासून तोडू नका, दिवसभराचा तो त्यांचा हक्काचा वेळ आहे. पण दैनंदिन मालिकेचा शेवटचा प्रसंग मुद्दाम अर्ध्यावर तोडलेला असतो : दार उघडतं, कॅमेरा सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो आणि चित्र थिजतं. उद्या माणसाने परत यावं म्हणून ही सोय. तो पेच दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा पहिल्या पाच-सात मिनिटांतच सुटतो, कित्येकदा दारात कुरिअरवालाच असतो. म्हणून मालिका वाहिनीच्या ॲपवर लावा आणि एका भागाच्या मध्यापासून पुढच्या भागाच्या मध्यापर्यंत बघा. रोज तेवढीच मालिका बघून होते आणि उठताना पेच सुटलेला असतो. वेळही वाचतो. नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासातली सहा मिनिटं त्यांचीच.

‘पंचायत’ एकदम हलकीफुलकी आहे असं ऐकून लावली. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी आम्ही दोघं रडलो आणि रात्रभर झोप नाही. आमचं काय चुकलं? (कोल्हापूर)

तुमचं काहीच चुकलं नाही, सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं. २०२० साली आलेल्या पहिल्या हंगामाचे आठही भाग तुम्ही म्हणता तसेच आहेत. चाकांच्या खुर्चीचा भाग आठवा. सचिवजी हौसेने खुर्ची आणतात, वऱ्हाड पंचायत कार्यालयात उतरतं आणि नवरदेवाला बसायला नेमकी तीच खुर्ची हवी होते. एका खुर्चीवर तीस-पस्तीस मिनिटं उभी राहतात आणि त्यात कुणी वाईट माणूस लागत नाही. दुसऱ्या हंगामाचे पहिले सात भागही याच चालीचे. आठव्यात प्रह्लादच्या घरावर घाला पडतो, आणि तिसरा हंगाम त्याच दुःखातून सुरू होऊन गावातल्या राजकारणात शिरतो. मालिका म्हणून ती आम्हाला फार मोलाची वाटते, पण पुढचं सगळं शनिवारी दुपारी बघण्याचं आहे. कामाच्या दिवशी रात्री पहिलाच हंगाम पुन्हा लावा.

किंवा ‘गुल्लक’ घ्या. एका हंगामात पाचच भाग. मिश्रांच्या घरातली मातीची गुल्लकच, म्हणजे पैसे साठवायचा गल्लाच, गोष्ट सांगते. आईच्या भूमिकेत आपल्या गीतांजली कुलकर्णी आहेत. त्या वैतागून भांडी आपटतात तेव्हा त्यातला राग किती आणि लाड किती, हे आवाजावरून कळतं. पहिले दोन हंगाम निर्धास्त लावा.

मी ‘साराभाई वर्सेस साराभाई’ पुन्हा पुन्हा बघतो. बायको म्हणते, नवीन काही बघत जा. हे आळसाचं लक्षण आहे का? (ठाणे)

नाही. पुढे काय होणार हे माहीत असतं, तेव्हा मनाला पहारा द्यावा लागत नाही. शिवाय २००४ची ही मालिका पुन्हा बघण्यासाठीच घडवल्यासारखी आहे. पहिल्यांदा सासूचा, मायाचा टोमणा ऐकू येतो, दुसऱ्यांदा तो झेलताना सुनेचा, मोनिषाचा चेहरा दिसतो, तिसऱ्यांदा मागे खुर्चीत बसून दोघींना पेटवून देणारा इंद्रवदन. वहिनींसाठी आठवड्यातला एक वार नव्या मालिकेला द्या, बाकी तुमचं चालू द्या.

ओटीटीवर संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की संगीत दणाणतं. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असतं. रिमोट हातातून सुटत नाही. (नागपूर)

आजकालच्या बऱ्याच मालिकांचा आवाज पाच स्पीकर आणि एक वूफर, म्हणजे ५.१ व्यवस्था धरून मिसळलेला असतो. त्यात संवाद मधल्या स्पीकरकडे असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांत हे सगळं कोंबलं की संवाद दबतात. त्यात पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणून आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो.

आधी मालिका चालू असताना भाषा निवडायच्या मेन्यूत जा. तिथे ५.१ आणि साधा स्टिरिओ असे दोन पर्याय असतील तर साधा घ्या. मग टीव्हीच्या ‘साउंड’मध्ये संवाद ठळक करणारा मोड शोधा, त्याचं नाव ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तत्सम काही असतं. ‘सराउंड’ बंद करा, बास दोन-तीन घरं खाली आणा. भिंतीतून पलीकडे जातो तो मुख्यतः बासच, बाळाला उठवतो तोही तोच. शेवटी ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू करा, त्याने मोठा आवाज दाबला जातो आणि बारीक आवाज वर येतो. दोनच स्पीकरचा साउंडबार जोडलेला असेल तर ‘डिजिटल आउटपुट’ पीसीएमवर ठेवा. एवढं करूनही भागलं नाही तर सबटायटल्स लावा, त्यात कमीपणा काही नाही.

हात लागलाच आहे तर चित्रही बघून घ्या. दुकानातून आलेला टीव्ही बहुधा ‘व्हिविड’वर असतो, तो दुकानाच्या झगमगाटासाठी. रात्री ‘सिनेमा’ मोड आणि रंगछटा ‘वॉर्म’ ठेवा.

मी दुबईत, आई पुण्यात एकटी. रात्री फोनवर बोलत एकत्र काही बघावं म्हणते. तिला स्वयंपाकाचे कार्यक्रम आवडतात, पण स्पर्धा लागली की तिला धडधडतं.

दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तुमचे पावणेआठ म्हणजे पुण्यात सव्वानऊ, दोघींनाही सोयीचे. प्रशांत दामलेंनी गाजवलेल्या ‘आम्ही सारे खवय्ये’चे भाग यूट्यूबवर शोधा. त्यात कोणी बाद होत नाही. पदार्थ होतो, चव घेतली जाते, गप्पा होतात. इंग्रजी चालत असेल तर ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही एकच स्पर्धा आईंना झेपेल असं वाटतं. दर भागाला एक जण घरी जातो खरा, पण स्पर्धक एकमेकांच्या मदतीला धावतात आणि जिंकणाऱ्याला रोख रकमेऐवजी केकस्टँड आणि फुलं मिळतात.

ॲपवरचे कार्यक्रम देशागणिक बदलतात, म्हणून भाग दोन्हीकडे उघडतो का ते आधी दुपारीच तपासा. फोन स्पीकरवर ठेवलात तर दोन्ही टीव्हींचा आवाज घुमतो, तेव्हा तुम्ही इअरफोन लावा आणि आईंना मोकळं बसू द्या. यूट्यूबवर जाहिराती दोघींना वेगवेगळ्या वेळी येतात आणि एक जण मागे पडते. तसं झालं की दोघींनी थांबायचं, पुढे असलेलीने पडद्यावरची वेळ, समजा ‘साडेसात मिनिटं’, वाचून दाखवायची आणि दुसरीने तिथे यायचं. आईंना रिमोटवरून पुढे सरकवणं जमत नसेल तर तुम्हीच त्यांच्या वेळेवर मागे या.