कॅसीला तेव्हा काय कळत नव्हतं?

'सातवीतल्या मुलीला शाळेत मिल्ड्रेड टेलर यांची "रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय" लावली आहे. निवेदक, प्रतीकं, संघर्ष यावर निबंध द्यायचाय. आम्ही दोघं इंजिनिअर, मदत कशी करणार? आणि एवढा वर्णद्वेष तिच्या वयाला झेपेल?' – एक आई, न्यू जर्सी

ताई, आधी कादंबरी तुम्ही वाचा. व्याख्या मागाहून बघता येतील.

१९७६ची ही कादंबरी घडते १९३३ साली, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात. सांगतेय नऊ वर्षांची कॅसी लोगन. निवेदकाबद्दल मुलीला एकच विचारा: इथे कॅसीला काय कळत नाहीये, जे तुला कळतंय? पहिल्याच प्रकरणात शाळेत जुनी, मळकी पुस्तकं वाटतात. कॅसीचा सहा वर्षांचा भाऊ, लिटल मॅन, पुस्तक उघडतो. आत तक्ता: कोणत्या साली दिलं, अवस्था कशी, विद्यार्थ्याचा वंश कोणता. अकरा वेळा गोऱ्या मुलांना. बाराव्या वेळी, पुस्तकाची अवस्था 'अत्यंत खराब' झाल्यावर, ते काळ्या मुलांच्या हाती येतं. पोरगं पुस्तक जमिनीवर आपटून त्यावर नाचतं आणि मार खातं. पुढे त्याच शाळेत शिकवणारी त्यांची आई तक्त्यावर कागद चिकटवते. हे पान दोघींनी मोठ्यानं वाचा. संघर्ष आणि प्रतीक दोन्ही त्या तक्त्यात आहेत. मला तर सगळ्या पुस्तकात ही जागा सर्वांत मोलाची वाटते.

दुसरं प्रतीक जमीन. लोगन कुटुंबाची स्वतःची ४०० एकर आहे, आसपासचे बहुतेक जण गोऱ्यांची शेतं बटाईनं कसतात. सातबाऱ्यावर आपलं नाव असणं म्हणजे काय, हे तिच्या आजोबांना फोनवर विचारायला लावा. मग शेवटी कापसाला लागलेल्या आगीचं मोल तिला कळेल. ती आग कुणी लावली, हे मात्र तुम्ही सांगू नका. कॅसीला ते उमगतं तिथेच तिचं बालपण मागे पडतं, आणि ते तुमच्या मुलीला स्वतः सापडायला हवं.

झेपेल का? झेपेल, तुम्ही सोबत असाल तर. 'आपल्याकडे असं होतं का?' असं ती विचारेल. विषय बदलू नका. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना वेगळं, गोणपाटावर बसावं लागे आणि शिपायानं नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे, हे सांगा. ती आणखी विचारेल. त्याच रात्री बोला, निबंध एक दिवस उशिरा गेला तरी चालेल.