मोड आले तरी पावटा शिजवायचाच

चिऊ,

कोल्हापुरात आजी फडक्यातली मटकी चार दाणे कच्ची तोंडात टाकू देते, पण मोड आलेल्या पावट्याला शिजल्याशिवाय हात लावू देत नाही. असं का, हे तू फोनवर विचारलंस. उत्तर जरा लांब आहे, म्हणून लिहितोय.

आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं. कडधान्याच्या बीमध्ये याच ट्रिप्सिनला चिकटून त्याचं काम अडवणारी काही प्रथिनं असतात. म्हणजे पावटा प्रथिनांनी भरलेला, आणि ती पचू नयेत याची तजवीजही त्याच्याच पोटात! मोड आले की हे रोधक थोडे कमी होतात, संपत नाहीत. ओल्या उष्णतेने, म्हणजे पाण्यात नीट शिजवल्यावर, ते बहुतांशी निकामी होतात. नुसतं कोरडं भाजून तेवढं साधत नाही. मटकीतही ते असतात, पण चार दाण्यांनी बिघडत नाही. वाटीभर खायची तर मटकीही वाफवूनच, कारण उबदार ओल्या फडक्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात.

वाल-पावटा आणि डबल बी यांतल्या रोधकांवर मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केलं. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली बी.एस्सी. होऊन त्यांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला. कमलाबाई थेट तिथे जाऊन थडकल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम पाहून मग ठरवू, अशा अटींवर प्रवेश मिळाला. दूध आणि कडधान्यांतली प्रथिनं हाच तिथला विषय. १९३६ साली एम.एस्सी. पुढे केंब्रिजला बटाट्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडलं, पेशींच्या श्वसनात लागणारं प्रथिन. १९३९ची ती पीएचडी, प्रबंध अवघा ४० पानांचा! 'आजीला हे आधीच ठाऊक होतं' असं म्हणून मात्र मोकळी होऊ नकोस. आजीकडे रीत आहे. कारण कुणीतरी प्रयोगशाळेत बसून शोधावं लागतं.

आता रीत. १ वाटी मटकी ३ वाट्या पाण्यात ८ तास भिजव. पाणी पूर्ण निथळू दे आणि ओल्या सुती फडक्यात सैलसर बांध. मे महिन्यात कोल्हापुरात १२ तासांत मोड दिसतात, डिसेंबरात दिवस लागतो. इथल्या थंडीत तर ओव्हनचा नुसता दिवा लावून आत ठेवावी लागते. गाठोडं घट्ट बांधलं किंवा खाली पाणी साचलं की दाण्यांना हवा मिळत नाही, मटकी चिकट होते, आंबूस वास येतो. अशी मटकी धुऊन वाचत नाही, टाकून दे. फडकं सुकलं तर मोड खुंटतात. तेव्हा वरून पाण्याचा हबका मार. भिजूनही टणक राहिलेले गणंग आधीच वेचून काढ, दाताखाली आले तर कळेल!

पावटा रात्रभर भिजवून दीड दिवस बांधून ठेवायचा. मग १० मिनिटं कोमट पाण्यात टाकला की चिमटीत धरताच साल सुटते. सोललेल्या पावट्यावर बोटभर पाणी ठेवून, झाकण घालून मंद आचेवर शिजव. दाणा बोटांत दाबल्यावर मऊ चुरला पाहिजे, मधे टणक गाभा लागता कामा नये. चिंच किंवा आमसूल त्यानंतरच. आधी आंबट पडलं तर पावटा तास गेला तरी शिजत नाही.

मिसळीच्या मटकीला मात्र कुकरची एकच शिट्टी. जास्त झाल्या की कटात लगदा होतो, आणि मग ब्रेडबरोबर नुसता रस्साच खावा लागतो.

बाबा