पुण्यात व्यायाम आणि आरोग्यशास्त्रात पदव्युत्तर करायचंय, विद्यापीठात सोयी खरंच मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात शरीरक्रियाशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालंय, पुण्यात पुढचं शिकायचंय, आणि प्रत्येक माहितीपत्रकात ‘सुसज्ज प्रयोगशाळा’ छापलंय, तर त्यातलं खरं किती. मी हे दोन वर्षांचं प्रकरण पुण्यातच उरकलंय, म्हणून सांगते.

यंत्र असणं वेगळं, ते तुमच्या हाती लागणं वेगळं. आमच्या कॉलेजात (नाव नको) श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारं महागडं यंत्र होतं. मी पहिल्यांदा वापरायला गेले तेव्हा त्यावर प्लास्टिकचं कव्हर, आणि कव्हरवर खंडेनवमीचा झेंडूचा हार, सुकून तपकिरी झालेला. महिना फेब्रुवारी! हे यंत्र चाचणीआधी ठरावीक मिश्रणाच्या गॅसवर आणि ३ लिटरच्या सिरिंजवर कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे त्याचे आकडे ठाऊक असलेल्या मापाशी जुळवून घ्यावे लागतात, नाहीतर आकडे येतात पण त्यांना अर्थ नसतो. आमचा सिलिंडर रिकामा. नवा मागवायचा तर तीन कोटेशनं, खरेदी समिती, सह्या. माझा प्रबंध तेवढा थांबणार नव्हता.

मग क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्टवर आले, म्हणजे यंत्राशिवाय, पायरी चढल्यावरच्या नाडीवरून दमसास आजमावायची चाचणी. ४१.३ सेंमी उंच पायरी, ३ मिनिटं चढ-उतार. मुलींनी मिनिटाला २२ वेळा, मुलांनी २४. थांबल्यावर उभ्यानेच पाचव्या ते विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजायची आणि चारने गुणायची. बाक टिंबर मार्केटमधल्या सुताराकडून करून घेतला. तो म्हणाला, “ताई, एक्केचाळीसच करतो, वरचे तीन मिलिमीटर कोण बघतंय?” मी बघतेय, म्हटलं. (सध्या त्यावर चढून आई माळ्यावरचे डबे काढते.) पण ती नाडी सूत्रात घालून निघतो तो व्हीओटू मॅक्सचा (म्हणजे व्यायामात शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचा) अंदाज, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे, आणि व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा यंत्र दाखवा म्हणू नका, यंत्राचं रजिस्टर दाखवा म्हणा. शेवटची नोंद कधीची, कुणाची, विद्यार्थ्याची की फक्त सरांची? चालवणारा तंत्रज्ञ पगारावर आहे का? ट्रेडमिलवर माणसाला पुरतं दमवणार असाल तर डॉक्टर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाचे ठोके बिघडले तर विजेचा झटका देणारं यंत्र) कुठे असतो, तेही विचारा.

पदवीचंही बघून घ्या. एम.पी.एड.ला (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) साधारणपणे आधी त्यातलीच पदवी, बी.पी.एड., लागते, आणि त्यात मैदान, अध्यापन, प्रशिक्षण यांचा भाग मोठा असतो. गुलटेकडीचं महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय त्या वाटेवरचं. तुमच्यासारख्या बी.एस्सी.वाल्याने क्रीडाविज्ञान किंवा पोषणातली एम.एस्सी. आधी धुंडाळावी.

मैदानांची मात्र पुण्यात ददात नाही. गणेशखिंडीला विद्यापीठात खाशाबा जाधवांच्या नावाचं क्रीडासंकुल आहे, बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. लष्कराच्याही संस्था आहेत, पण तिथे गेटवरूनच परत यायची तयारी ठेवा. योगाचे शरीरावरचे परिणाम हा विषय असेल तर लोणावळ्याचं कैवल्यधाम चुकवू नका; स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते काढलं तेच मुळी योग प्रयोगशाळेत तपासायचा म्हणून. लोकलने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आणि एथिक्स कमिटी. माणसांवर काहीही मोजायचं, अगदी नाडीसुद्धा, तर आधी मंजुरी हवी. आमची समिती वर्षातून दोनदाच बसायची. दिवाळीआधीची बैठक माझ्या हातून गेली, पुढची थेट मार्चअखेर, आणि चाचण्या आल्या एप्रिलात. उकाड्याने नाडी तशीच वाढलेली असते, त्यामुळे दुपारचे आकडे बाद. शेवटी सकाळी साडेसहाची वेळ ठेवली, तर होस्टेलची निम्मी मुलं उठलीच नाहीत.