गावातल्या प्राण्यांच्या शेल्टरचा पाळीव प्राण्यांना आणि लोकांना नेमका उपयोग काय? मदत काय करावी?

गावाबाहेर नवं शेल्टर सुरू झालंय, त्याचा घरच्या कुत्र्यामांजरांना आणि गावाला काय उपयोग, आणि मदत पैशांत करावी की वस्तूंत, असं तुम्ही विचारलंय. मदतीचं आधी सांगते, ते थोडक्यात होईल. पैसे देणार असाल तर लसींसाठी द्या, नावाच्या फरशीसाठी नको. वस्तूंमध्ये जुन्या सुती चादरी, रद्दी, साबण आणि साधं ब्लीच. गोधड्या नकोत, पावसाळ्यात त्या आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि मग कुबट वासानं फेकून द्याव्या लागतात. फिनेलचे कॅन तर अजिबात नकोत. फिनेलनं पार्वोचा, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब लावून मारणाऱ्या आजाराचा, विषाणू मरत नाही, आणि ज्यात फिनॉल असतं ते मांजरांना विषारी असतं.

पार्वोचं नाव आलंच आहे, तर शेल्टर काय करतं आणि लोकांना ते काय वाटतं यातला फरक एका खोक्यावरून सांगते. रात्री कुणीतरी फाटकाशी पुठ्ठ्याचं खोकं ठेवून जातं. आत पाच-सहा आठवड्यांची चार पिल्लं, सोबत दुधाची वाटी. ठेवणाऱ्याला वाटतं, आपण त्यांना वाचवलं.

सकाळी पिल्लं गारठलेली असतात. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही, ते त्याला पचत नाही, आणि गिळता न आल्यानं फुप्फुसात जातं. आधी कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवायची आणि हळूहळू ऊब द्यायची. थेट हीटरसमोर ठेवलं तर कातडी भाजते. अंग गरम झालं की पिल्लांसाठीची दूध पावडर. गाईच्या दुधानं जुलाब लागतात, आणि मग ते जुलाब दुधाचे की पार्वोचे हे कळायला मार्ग उरत नाही.

वजन करायचं, जंताचं औषध वजनावर द्यायचं, आणि खोकं वेगळ्या खोलीत चौदा दिवस. इथंच बहुतेक शेल्टरं चुकतात. पार्वोची लागण झाली की लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, पण लक्षणांच्या आधीच विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला लागतो. म्हणजे खेळणारं, खाणारं पिल्लू सगळ्यांना लागण देत असतं. वेगळी खोली म्हणजे नुसतं दार वेगळं असून भागत नाही. बादली वेगळी, झाडू वेगळा, दाराशी ठेवलेल्या चपला वेगळ्या. साफसफाईचा क्रमही ठरलेला हवा: आधी निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, मग नवी आलेली, आणि आजारी सगळ्यात शेवटी. एकच पोछा सगळीकडे फिरला तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात.

ब्लीच कसं वापरायचं तेही लिहिते, कारण नव्या जागी हे कुणी सांगत नाही. आधी साबणानं घाण पूर्ण काढायची, घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. मग बाजारातलं पाच टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग, म्हणजे लिटरभर पाण्याला तीसेक मिलिलिटर. जमीन दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे, मग धुऊन टाकायची. द्रावण रोज नवं करायचं. संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आणि अंगणातल्या मातीला ब्लीच लागू पडत नाही. मातीत हा विषाणू कित्येक महिने टिकतो, म्हणून लस पूर्ण न झालेली पिल्लं मातीत सोडायचीच नाहीत.

पार्वोची लस सहाव्या आठवड्यापासून, शेल्टरमध्ये धोका जास्त असेल तर त्याही आधी, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी, निदान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. दत्तक नेणारे एक डोस झाला की निर्धास्त होतात, ते चूक आहे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत ती लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून डोस पुन्हा पुन्हा. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. लसी २ ते ८ अंशांत राहायला हव्यात, आणि रेबीजची लस बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठली तर ती टोचणं आणि पाणी टोचणं सारखंच.

एवढं सगळं करूनही त्या चारांतली काही दगावतात. तीच पिल्लं आईजवळ, गल्लीतल्या कोपऱ्यात राहिली असती तर? शेल्टरला फोन केला असता तर आमचा माणूस तिथं जाऊन जंताचं औषध देऊन आला असता, आईचं दूध आणि ऊब फुकट मिळाली असती, पिल्लं आठ आठवड्यांची झाल्यावर घरं शोधता आली असती, आणि दूध तुटल्यावर आईची नसबंदी झाली असती. खोकं आणणारा आईला मागेच ठेवतो. कुत्रीचा गर्भकाळ त्रेसष्ट दिवसांचा आणि वर्षातून साधारण दोनदा माज. सहा-सात महिन्यांत त्याच गल्लीतून पुढचं खोकं येतं.

आता ज्यावरून आमच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं वाद चालू आहे तो मुद्दा. देणगीदार, विश्वस्त, सोसायटीचे सेक्रेटरी सगळे एकच म्हणतात: शेल्टर आहे ना, मग ठेवून घ्या, कमी पडत असेल तर पिंजरे वाढवा. मला हे मान्य नाही. ठेवून घेण्याची परंपरा आपल्याकडे थोर आहे हे मी नाकारत नाही. १८३२ मध्ये मुंबईत कुत्री मारण्यावरून पारशी समाज रस्त्यावर आला आणि १८३४ मध्ये पांजरपोळ उभं राहिलं. पण तेव्हा भूल देऊन शस्त्रक्रिया नव्हती, रेबीजची लस नव्हती. जीव वाचवायचा तर कोंडून सांभाळणं एवढाच उपाय हातात होता. आज दोन्ही आहेत, आणि तरी आपण कोंडण्याचाच हट्ट धरतो.

गल्लीतलं कुत्रं उचलून कायमचं ठेवलं की ती जागा रिकामी होते. कचरा तसाच, खाऊ घालणारे तसेच, त्यामुळे शेजारच्या भागातलं नसबंदी न झालेलं कुत्रं तिथं येतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी, रेबीजची लस आणि त्याच जागी परत सोडणं एवढ्यासाठीच आहे. ‘त्याच जागी’ म्हणजे त्याच कोपऱ्यावर. दोन चौक पलीकडे सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात, ते घरी परतायला हायवे ओलांडतं, आणि लोकांना चावण्याची तक्रार नव्या वस्तीतून येते. म्हणून पकडताना जागेचा फोटो, वहीत नोंद, गळ्यात नंबर, ऑपरेशननंतर कानाला खाच. सहा महिन्यांखालची पिल्लं आणि दूध पाजणारी मादी घ्यायची नाही. टाके सुकायच्या आत, ‘व्हॅन रिकामी आहे’ म्हणून सोडणं हा गुन्हा समजावा.

गोव्यात रेबीज आटोक्यात आला तो पिंजरे बांधून नव्हे. जाळ्या घेऊन गल्लोगल्ली फिरून ७० टक्के कुत्र्यांना लस द्यायचं उद्दिष्ट त्यांनी धरलं, शाळांत मुलांना शिकवलं, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं. गावाला शेल्टरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. कुणाला कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठायचा, आणि शेल्टरला कळवायचं, म्हणजे त्या कुत्र्यावर दहा दिवस नजर राहते. त्या निरीक्षणाची वाट पाहत माणसाची लस थांबवायची नाही.

घरच्या प्राण्यांबद्दल: स्वस्त नसबंदी आणि लस हीच खरी सेवा. नसबंदी न केलेल्या वयस्क मादीला माजानंतर काही आठवड्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. ती खूप पाणी पिते, खाणं सोडते, आणि दोन दिवस थांबलात तर उशीर होतो. कुत्रं सोडायला आलेल्यांपैकी पुष्कळांना बदलीच्या काळात महिनाभर सांभाळणारं कुणी हवं असतं. ती सोय लावून दिली की कुत्रं घरातच राहतं.

सगळी कुत्री परत सोडता येतात असं मात्र नाही. आंधळी, मागचे पाय गेलेली यांना कायमची जागा लागतेच. रेबीजचा संशय असलेलं कुत्रं परत जात नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून उचललेली कुत्री तिथं परत सोडायची नाहीत. तेवढ्यांसाठी पिंजरे हवेत, आणि खोकी आणून ते भरले तर यांना जागा उरत नाही.

देणगी देण्याआधी एकदा सकाळी आठला शेल्टरमध्ये जा. नव्या प्राण्यांची खोली वेगळी आहे का बघा, फ्रिजमध्ये तापमापक आहे का बघा, आणि नोंदवही मागून शेवटच्या दहा कुत्र्यांपुढे सोडल्याची जागा लिहिली आहे का ते वाचा.